पुराचं पाणी ओसरल्यावर घर कसं सावरायचं: पहिल्या तासापासून रंगकामापर्यंत

घरात शिरलेलं पुराचं पाणी नुकसान करतंच. पण त्यातला बराच मोठा भाग पाणी ओसरल्यानंतर, कामांचा क्रम चुकल्यामुळे होतो. वीज लवकर चालू केली जाते, गाळ उशिरा काढला जातो आणि भिंती ओल्या असतानाच रंगवल्या जातात. पहिल्यांदाच अशा प्रसंगाला तोंड देणाऱ्यांनी एवढं ध्यानात धरावं: गाळ ओला असतानाच निघायला हवा, भिंतींना सुकायला त्यांचा वेळ मिळायला हवा आणि भिजलेलं कोणतंही विजेचं उपकरण तपासल्याशिवाय चालू करायचं नाही.

पूर कोणत्या प्रकारचा आहे, यावरही पुढचं काम ठरतं. कोकणात वाशिष्ठी, सावित्री, जगबुडी या नद्यांचं पाणी झपाट्यानं चढतं आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये तसंच झालं होतं. अशा पुरात पाणी लवकर जातं, पण मागे गाळाचा थर राहतो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पाणी हळूहळू चढतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ त्या ४० आणि ४५ फूट आहेत. त्यामुळे सामान हलवायला थोडा अवधी मिळतो. मात्र ऑगस्ट २०१९ सारख्या पुरात पाणी दिवसच्या दिवस घरात साचून राहतं. तिथे भिंती आतपर्यंत भिजलेल्या असतात, धान्य कुजलेलं असतं आणि तुम्ही परत येईपर्यंत बुरशीही धरलेली असू शकते.

आत पाऊल टाकण्यापूर्वी

दिवसाउजेडीच जा आणि आधी घराला बाहेरून एक फेरी मारा. मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर ढासळतात, कारण बाहेरून मिळणारा आधार जातो आणि भिजलेल्या मातीला स्वतःचं वजन पेलवत नाही. मातीचं किंवा मातीच्या जोडकामातलं दगडी घर असेल, भिंत फुगलेली दिसत असेल, नवीन तिरकी भेग पडली असेल किंवा जोत्याखालची माती वाहून गेली असेल, तर सामानासाठीसुद्धा आत जाऊ नका. पालिकेच्या किंवा बांधकाम विभागाच्या अभियंत्याला दाखवा.

घर भक्कम वाटलं तरी आधी वीज. मीटरजवळचा मेन स्विच कोरड्या जागी उभं राहून हात पोहोचेल असा असेल तरच बंद करा. पाण्यात किंवा चिखलात उभं राहून त्याला हात लावू नका. महावितरणच्या वायरमनला खांबावरून पुरवठा तोडायला सांगा. इन्व्हर्टर अनेकांच्या लक्षात राहत नाही. बाहेरची लाइन बंद असली तरी बॅटरीतून घराच्या वायरिंगमध्ये वीज येऊ शकते. सोलर पॅनेल असेल तर ऊन पडताच त्याच्या वायरींतही करंट असतो, म्हणून त्या तंत्रज्ञाशिवाय सोडवू नका.

गॅसचा वास आला तर काडी, लायटर, विजेचं बटण यांपैकी कशालाही हात न लावता बाहेर या आणि १९०६ या एलपीजी तातडीच्या क्रमांकावर फोन करा. वास नसला तरी रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बाहेर काढा. पाण्यात तरंगलेला, आपटलेला सिलिंडर आणि भिजलेला रेग्युलेटर एजन्सीकडून तपासून घ्या; रबरी नळी बदलूनच टाका.

गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. हातात लांब काठी असू द्या. साप कोरडी, उंच जागा शोधत घरात येतात आणि कपाटामागे, गाद्यांच्या ढिगात, चुलीच्या कोनाड्यात बसतात. वस्तू उचलण्याआधी काठीनं हलवा. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं यातलं काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठा.

झाडू हातात घेण्याआधी मोबाइल

घर जसं आहे तसं चित्रित करा. प्रत्येक खोलीचा दारातून एक सलग व्हिडिओ, मग एकेका वस्तूचा फोटो. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप यांच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरीयल नंबर वाचता येईल असा घ्या. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते, तिला मोजपट्टी लावून जमिनीपासूनच्या उंचीसह फोटो काढा. पंचनाम्यात आणि विम्याच्या दाव्यात ही रेघ फार उपयोगी पडते, आणि ती एकदा धुतली की गेली.

घराचा किंवा सामानाचा विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत गाळ काढायला हरकत नाही, पण खराब झालेल्या वस्तू एका बाजूला रचून ठेवा. ज्या ठेवणं शक्य नाही, म्हणजे कुजलेलं धान्य किंवा गाद्या, त्यांची यादी आणि फोटो ठेवा. सरकारी मदतीसाठी तलाठ्याकडून पंचनामा होतो. त्यात पाण्याची उंची, पाणी किती दिवस होतं आणि नुकसानीची नोंद नीट आहे का, हे वाचूनच सही करा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघण्याचा मोह टाळा. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या वाहनविम्यात बहुधा धरलं जात नाही. गाडी ढकलत किंवा टो करून गॅरेजला न्या.

गाळ: ओला असतानाच

पुराचा गाळ म्हणजे बारीक चिकणमाती. ओला असेपर्यंत तो वायपरनं सरकतो. ऊन लागून सुकला की फरशीला घट्ट चिकटतो आणि कुदळीनं खरवडावा लागतो. त्यात फरशीवर चरे पडतात आणि वेळ कितीतरी पटीनं जातो. म्हणून पाणी घोट्याएवढं उरलं असताना आत जाणं सुरक्षित असेल, वीज नक्की तोडलेली असेल, तर त्याच पाण्यात खराट्यानं गाळ ढवळून उतरत्या पाण्याबरोबर बाहेर लोटा. नंतर बाहेरून आणाव्या लागणाऱ्या पाण्याची मोठी बचत होते, आणि पुरानंतरचे दोन-तीन दिवस नळाला पाणी नसतंच असं धरून चाला.

काम आतल्या खोलीकडून दाराकडे करत या. साधनं साधीच लागतात: फावडं, घमेली, खराटा, मोठा रबरी वायपर, बादल्या. चार माणसं असतील तर दोघांनी ओढायचं, दोघांनी वाहायचं. फ्रिज आणि कपाटांखालचा गाळ विसरू नका, कारण तिथला ओलावा सगळ्यात जास्त काळ टिकतो.

गाळ न्हाणीच्या जाळीत किंवा संडासात ढकलू नका. ट्रॅपमध्ये आणि चेंबरमध्ये तो बसतो, आणि पाण्यानं जात नाही. सफाई सुरू करण्याआधीच न्हाणीच्या जाळीवर जाड गोणपाट आणि वर वीट ठेवा. काढलेला गाळ गटारात न टाकता पालिकेचा ट्रॅक्टर किंवा जेसीबी जिथून उचलतो तिथे एका जागी ढीग करा. सगळ्या गल्लीनं गटारात टाकला तर पुढच्या सरीत तेच पाणी परत घरात येतं.

जमिनीखालची टाकी, तळघर किंवा पार्किंग भरलं असेल तर मोठा पंप लावून एका दमात रिकामं करू नका. भोवतालची जमीन पाण्यानं गच्च असते. आतलं पाणी काढलं की बाहेरचा दाब भिंतींवर येतो, भिंत आत ढासळू शकते किंवा तळ उचलला जाऊ शकतो. एक तृतीयांश पाणी काढा, पातळीला खूण करा, दुसऱ्या दिवशी पाहा. पातळी परत चढली असेल तर थांबा. सेप्टिक टँकलाही हेच लागू आहे. जमीन भिजलेली असताना तो पूर्ण उपसला तर टाकी वर उचलली जाऊ शकते आणि जोडलेले पाइप तुटतात. तोवर संडासात कमीत कमी पाणी सोडा.

धुणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं

पुराच्या पाण्यात गटार, संडास, मेलेली जनावरं, शेतातली औषधं असं सगळं मिसळलेलं असतं. तरीही पहिल्याच दिवशी चिखलावर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर भुरभुरण्याचा काही उपयोग नाही. मातीतल्या घाणीवरच क्लोरीन खर्ची पडतो. आधी गाळ काढा, मग साबणाच्या किंवा धुण्याच्या पावडरच्या पाण्यानं फरशी आणि भिंती पाण्याच्या रेघेच्या वर फूटभर घासून धुवा, आणि त्यानंतरच क्लोरीन.

प्रमाण असं: १० लिटर पाण्याला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, त्या हिशोबानं हे अर्ध्या टक्क्याचं द्रावण होतं. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून पातळ पेस्ट करा, उरलेलं पाणी घाला, पंधरा-वीस मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच वापरा. फरशीवर, ओट्यावर, संडासात ते दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्यानं धुवा. लोखंड, ॲल्युमिनियम आणि रंगीत कापडावर वापरू नका. पिशवी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो. जिला झोंबणारा वास येत नाही ती पावडर टाकून द्या.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरतो.

विहीर असेल तर आधी गढूळ पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून तळाचा गाळ काढा. नवं पाणी आलं की त्याचं माप घ्या: ३.१४ गुणिले त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. येणाऱ्या आकड्याला १००० नं गुणलं की लिटर मिळतात. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर होतं. साध्या दिवसांत १००० लिटरला २.५ ग्रॅम या हिशोबानं त्याला ७० ग्रॅम टीसीएल पुरते. पुरानंतर एवढ्यानं भागेलच असं नाही, म्हणून टीसीएल टाकून तासाभरानं ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याकडून किंवा आरोग्य केंद्रातून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात किती क्लोरीन शिल्लक आहे हे दाखवणारी चाचणी, करून घ्या. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसेपर्यंत ते पाणी पिऊ नका. तोवर टँकरचं पाणीसुद्धा तुरटी फिरवून, निवळून, दुहेरी फडक्यानं गाळून, खळखळ उकळी आल्यावर काही मिनिटं उकळूनच प्यायचं.

चिखलात काम केलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात जातात. जखम असेल तर काम दुसऱ्याला द्या. पाण्यात वावर झाला असेल तर प्रतिबंधक गोळीबद्दल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल लगेच आरोग्य केंद्रात विचारा. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर आपण पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

काय ठेवायचं, काय टाकायचं

स्टील, काच, चिनी मातीची भांडी धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून ठेवता येतात. लाकडी पोळपाट, चिरा पडलेलं प्लास्टिक, लहान बाळाच्या बाटल्यांची बुचं टाकून द्या. फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांत पाणी शिरतं, त्यामुळे वर्षाचं लोणचं आणि मसाले बुडाले असतील तर मन घट्ट करून टाकावे लागतात. औषधंही टाका.

भिजलेलं धान्य सुकवून जनावरांना घालणं हा अनेक ठिकाणी चालणारा आणि अतिशय धोक्याचा प्रकार आहे. ओल्या धान्यावरच्या काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते उन्हात सुकवून किंवा शिजवून जात नाही, आणि दुभत्या जनावराच्या दुधातही उतरतं. असं धान्य पुरून टाका.

कापसाच्या गाद्या, उशा आणि फोमचे सोफे पुराच्या पाण्यात बुडाले असतील तर वाचवायच्या भरीस पडू नका. आतला ओलावा आणि घाण निघत नाही. फर्निचरमध्ये एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड फुगले की परत मूळ आकारात येत नाहीत. साध्या कमर्शिअल प्लायचे थर सुटतात. आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय आणि सागवान यांना मात्र संधी द्या. खण, दारं, मागची पट्टी काढून सावलीत, हवेत ठेवा. थेट उन्हात लाकूड वाकतं. कपाटं भिंतीपासून निदान अर्धा फूट पुढे ओढा.

कपडे ढिगात चोवीस तासही ठेवू नका. आधी अंगणात थंड पाण्यानं माती काढायची, मग गरम पाणी आणि साबण. रेशमी साड्यांना गरम पाणी आणि पिळणं दोन्ही वर्ज्य. स्वच्छ थंड पाण्यातून काढून, सुती चादरीत गुंडाळून पाणी टिपा आणि प्रत्येक साडी वेगवेगळी सावलीत पसरा, नाहीतर एकीचा रंग दुसरीवर उतरतो.

कागदपत्रांची पानं ओली असताना ओढून सुटी करू नका. चिखल असेल तर फाइल मिटलेली धरूनच स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढा. मग पानांमध्ये कोरे टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा. दोन दिवसांत सुकवणं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून एखाद्या चालू डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठल्यावर बुरशी थांबते आणि पुढे सवडीनं काम करता येतं. एकमेकांना चिकटलेले फोटो सुकू देऊ नका, स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद सोडवा. सातबारा, आधार, वाहन परवाना यांच्या प्रती ऑनलाइन परत मिळतात. जुनं खरेदीखत, फोटो, हस्तलिखित आधी वाचवा.

वीज परत जोडताना

भिजलेली एमसीबी (जादा भार आल्यावर आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळत असेल तर वीज तोडणारा स्विच), साधे स्विच आणि सॉकेट सुकवून पुन्हा वापरू नका, बदला. आतले संपर्कबिंदू गंजतात आणि ऐन वेळी एमसीबी पडत नाही. भिंतीतल्या पाइपांत पाणी आठवडेही राहू शकतं. म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनला प्रत्येक सर्किटचा मेगर, म्हणजे वायरच्या वेष्टनातून वीज गळते का याची चाचणी, घ्यायला सांगा. ५०० व्होल्टवर इन्सुलेशन १ मेगाओमपेक्षा कमी दाखवत असेल तर ते सर्किट जोडायचं नाही. वायर ओढून नवीन टाकायची. बोर्ड बदलतच असाल तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या आणि नवे सॉकेट पाण्याच्या रेघेच्या वर न्या.

फ्रिज, मिक्सर, पंप, वॉशिंग मशीन "चालतंय का बघू" म्हणून प्लगला लावू नका. मोटरच्या वाइंडिंगमध्ये गाळ आणि ओल असते, आणि ती त्या एका प्रयत्नातच जळते. तंत्रज्ञ ती उघडून, स्वच्छ पाण्यानं गाळ धुऊन, पूर्ण सुकवून मेगर घेतो. मग बऱ्याच मोटरी वाचतात.

भिंती

विटांची भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओलीच असते. कोकणातला जांभा चिरा तर भरपूर पाणी पितो आणि फार सावकाश सोडतो. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्यानं नुसत्या खिडक्या उघड्या ठेवून भागत नाही. उघडीप असेल तेव्हा समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा आणि एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावा. सरी चालू असताना खिडक्या लावून पंखे आत फिरू द्या. एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा. शेगडी पेटवून खोली बंद करू नका, त्या धुरानं माणूस दगावतो.

हातोडीच्या दांड्यानं गिलाव्यावर टकटक करत जा. पोकळ आवाज येईल तिथला गिलावा सुटला आहे, तो पाडा. भिजलेलं पीओपी आणि पुट्टी खरवडून काढा, कारण ऑइल पेंट आणि पुट्टीच्या थराखाली ओल कोंडून राहते. बुरशी दिसली तर कोरड्या झाडूनं झाडू नका, तिची धूळ घरभर उडते. एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. पुढे काही आठवड्यांत भिंतीवर पांढरा भुगा, म्हणजे लोणा येईल. तो भिंतीतलं पाणी बाहेर पडत असल्याची खूण आहे. कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत गोळा करा. धुतलात तर क्षार परत आत मुरतो.

जुलै-ऑगस्टच्या पुरानंतर समोर गणपती असतो आणि घर रंगवायची घाई होते. तेव्हा फक्त चुन्याची सफेदी करा. तिच्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि सुकणं थांबत नाही. डिस्टेंपर, प्लास्टिक पेंट किंवा वॉटरप्रूफ कोट यांपैकी काही आत्ता लावलं तर दिवाळीपर्यंत पोपडे धरतात. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत बरीच सुकते. तेव्हा दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीच्या खालच्या भागावर चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि चोवीस तासांनी पाहा. आतल्या बाजूला दव जमलं असेल किंवा खालचा गिलावा गडद झाला असेल तर आणखी पंधरा दिवस थांबून पुन्हा तपासा. सगळ्या भिंतींवर कागद कोरडा निघाला की मगच प्रायमर.